गिरणीचा भोंगा, कमरेचं घड्याळ आणि मनगटावरचा हेर

नाचणगावातून बोलतोय. स्मार्टवॉच आणि व्हीआर हेडसेटवर एक भाग करा, असे तुमचे बरेच मेसेज आले. कोणतं मॉडेल घ्यावं हे सांगणारे यूट्यूबवर ढिगानं आहेत. आपला कार्यक्रम इतिहासाचा. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ: अंगावरचं यंत्र जे मोजतं, ते कोणासाठी मोजतं?

सुरुवात घराजवळून करू. आपलं नाचणगाव जुनं गाव. शेजारचं पुलगाव वाढलं ते रेल्वेमुळे आणि कापूस गिरणीमुळे. मुंबईकडून आलेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, ती पुलगाववरूनच. त्याआधी गावाची वेळ म्हणजे सूर्य. अगदी लग्नाचा मुहूर्त असला तर घटिकापात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका झाली. म्हणजे आजची 24 मिनिटं.

रेल्वे आली आणि वेळ बाहेरून यायला लागली. त्या काळात गाड्या मद्रासच्या वेळेवर चालायच्या. सूर्य कुठे का असेना, गाडी सुटणार ती मद्रासच्या घड्याळानं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुलगावात गिरणी उभी राहिली. गिरणी म्हटली की भोंगा आलाच. भोंगा वाजला की पाळी सुरू. घड्याळ मालकाचं, आणि उशीर झाला तर कापला जाणारा पगार मजुराचा.

यावरून भांडणं झाली, बरं का. 1906 पासून देशभर एकच प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे 39 मिनिटं पुढे होती. म्हणजे नव्या घड्याळात सकाळचे सहा वाजले, तेव्हा जुन्या हिशोबानं 5 वाजून 21 मिनिटंच झालेली असायची. त्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांनी काम बंद केलं, दगडफेकही झाली. आपली झोप कोणीतरी कागदावर सही करून कमी करतंय, हे त्यांना बरोबर कळलं होतं. मुंबई महापालिकेनं तर पुढे कित्येक वर्षं जुनी ‘बॉम्बे टाइम’च पाळली.

आता इथून तासाभराच्या अंतरावर चला, सेवाग्रामला. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. त्यांच्या कमरेला लटकणारं घड्याळ तुम्ही फोटोत पाहिलं असेल. प्रार्थना, सूतकताई, भेटी, सगळं त्या घड्याळावर. वेळेच्या बाबतीत माणूस भयंकर कडक. पण फरक बघा. ते घड्याळ फक्त त्यांनाच वेळ सांगायचं. बापू किती वाजता उठले, किती पावलं चालले, हे ते दुसऱ्या कोणाला कळवत नव्हतं.

मग 1961 मध्ये एचएमटीची मनगटी घड्याळं आली, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं. दहावी पास झाला, घड्याळ. नोकरी लागली, घड्याळ. जावयाला तर घड्याळ हवंच. जी वेळ आधी मालकाच्या भिंतीवर होती, ती साध्या माणसाच्या मनगटावर आली. माझ्या मते ही छोटी गोष्ट नव्हती. पाळी कधी संपली हे मजुराला आता स्वतःच्या हातावर तपासता येत होतं.

त्याच सुमारास, 1965 मध्ये, जपानमध्ये कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. तुमचा बँड रोज ज्या दहा हजारांच्या मागे लावतो ना, तो आकडा तिथून आला. तो डॉक्टरांनी संशोधन करून काढलेला नव्हता, ते विक्रीसाठी ठेवलेलं नाव होतं. 2019 मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवर झालेल्या एका अभ्यासात फायदा साधारण साडेसात हजार पावलांनंतर वाढायचा थांबला. चाला, जरूर चाला. पण ध्येय कोणी ठरवलं, तेही विचारा.

व्हीआरची गोष्टही अशीच. 1968 मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्याला लावायचा पडदा बनवला. तो इतका जड की छताला टांगावा लागायचा. डोकं वळलं की चित्र बदलायला हवं, म्हणून डोकं नेमकं कुठे वळलं हे मोजणारी यंत्रणाही त्याला जोडलेली होती. म्हणजे व्हीआर पहिल्या दिवसापासून दाखवतं आणि मोजतंही. मोजलं नाही तर दाखवताच येत नाही. 2023 मध्ये संशोधकांनी एका व्हीआर गेमच्या 55 हजारांहून जास्त खेळाडूंची नोंद तपासली. फक्त डोकं आणि हात कसे हलतात यावरून, शंभर सेकंदांच्या हालचालीत, माणूस ओळखण्याचं प्रमाण 94 टक्क्यांच्या वर गेलं. नाव नको, चेहरा नको. नुसती मान हलवली तरी पुरे.

आता आपल्या विदर्भात परत या. नागपूर महानगरपालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसवाली घड्याळं बांधली. कामगार कुठे आहे हे ऑफिसातल्या नकाशावर दिसणार, हजेरी त्यावरून लागणार. कारण दिलं गेलं ते खोट्या हजेरीचं, आणि तो प्रश्न खरा होता. पण कामगारांच्या तक्रारी आल्या: घड्याळ चार्ज नसलं, सिग्नल चुकला, तर काम करूनही पगार कापला जातो. सतत कोणीतरी बघतंय असं वाटतं. नाली उपसणाऱ्या माणसाला मास्क, हातमोजे मिळोत न मिळोत, घड्याळ मात्र मिळालं.

एचएमटीनं जे मजुराच्या हातात दिलं होतं, ते इथे उलटं फिरलं. हात मजुराचा, घड्याळ पुन्हा मालकाचं. फक्त भोंगा पाळी संपली की गप्प बसायचा.

तुम्ही म्हणाल, भाऊ, माझं घड्याळ तर मी स्वतःच्या पैशानं घेतलंय. मान्य. 2023 मध्ये भारतात 13 कोटींच्या वर वेअरेबल बाजारात आले. इयरफोन धरून, पण तरी केवढा आकडा! 2024 मध्ये तो पहिल्यांदाच घसरला. स्वस्त घड्याळ विकून फार पैसा सुटत नाही. मग तुमचे ठोके, झोप आणि चालायचा रस्ता यांची नोंद कोणाच्या कामाची, हा प्रश्न उरतोच.

कायदा आहे का? आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण त्यात नोकरीच्या कारणासाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा ठेवलेली आहे. उद्या तुम्ही डिलिव्हरीला, गोदामात किंवा एखाद्या कंपनीत लागलात आणि पहिल्या दिवशी हातात बँड ठेवला, तर ही ओळ आठवा.

मी घड्याळ फेकून द्या म्हणत नाही. आजीच्या हृदयाचे ठोके वेळेवर कळले तर कोणाला नको आहे? पण आज एवढं करा. घड्याळाचं ॲप उघडा, परवानग्या बघा. लोकेशन कशाला? कॉन्टॅक्ट कशाला? नको ते बंद करा. आणि कामावर कोणी बँड बांधायला आलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: नोंद कोण बघणार, किती दिवस ठेवणार, आणि ती चुकली तर दाद कुठे मागायची. एकट्यानं नाही, चौघांनी मिळून विचारा. 1906 च्या कामगारांचा खरा जोर तोच होता.

तुमच्या घरात कोणी गिरणीत काम केलं असेल, तर भोंग्याच्या आठवणी व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!