कात टाकताना

चिखलावर पालथे पडा. हनुवटी अगदी टेकवा, नाहीतर ती दिसायची नाही. तुम्ही ५० कोटी ८० लाख वर्षं मागे आला आहात, आणि बघायचं काय, तर बोटाच्या पेराएवढा प्राणी!

पाठीशी चुनखडीचा उंच कडा पाण्यातच उभा आहे. वर कुठे जमीन असेल, तिथे गवताचं पातंही नाही. हा समुद्र कोमट आहे. हीच जागा पुढे कॅनडाच्या रॉकी पर्वतात उचलली जाणार आहे.

आली बघा मॅरेला. आधी काटेच दिसतात: डोक्यावरच्या ढालीतून निघून मागे वळलेल्या दोन जोड्या, बैलाची शिंगं पाठीकडे ओढून धरावीत तशा. जरा वळली की त्यांच्यावरून मोरपंखी झाक सरकते. संशोधक अँड्र्यू पार्कर यांना १९९८ साली जीवाश्मांवरच्या सूक्ष्म रेघांवरून या रंगाचा तर्क करावा लागला. तुम्हाला तो फुकट दिसतोय. पुढे दोन लांब, पेरापेरांच्या मिशा चिखल चाचपताहेत. त्यांच्यामागे केसाळ वल्ह्यांची जोडी. आणि पाय तर मोजूच नका! अंगाला विसाहून जास्त वलयं, प्रत्येकाला एक जोडी, त्यातही प्रत्येक पाय दुहेरी: खालची फांदी चालायला, वरची पिसासारखी, श्वासाला.

जीवाश्मशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉट यांनी १९०९ साली हिचं चित्र डायरीत काढलं, तेव्हा तिला ‘लेसचा खेकडा’ म्हटलं होतं. खेकडा ही नव्हेच, पण लेस मात्र अचूक.

आता ती थांबलीय. ढालीची पुढची कड उकलते आणि आतून तीच पुन्हा बाहेर येऊ लागते, फिकी, भिजल्या शेवईसारखी. पाय सुटतात. काटे अवघड, जुन्या काट्यांच्या म्यानातून नवे, लुळे काटे ओढून काढायचे. हजारो मॅरेला दगडात सापडल्या. अशी, ऐन कात टाकताना पकडलेली, संशोधकांनी २००४ साली जगापुढे आणली. तीच ही.

कड्याकडून पाणी गढूळ होऊ लागलंय. तुमच्या कोपराखालचा चिखल सरकतो. ती अजून ओढतेच आहे. एक काटा सुटला, दुसरा सुटत आलाय.