पुरातत्त्वीय उत्खनन व कालमापन

जमिनीखाली गाडले गेलेले मानवी वसाहतींचे अवशेष शास्त्रीय पद्धतीने, थराथराने उकलून त्यांची नोंद करण्याच्या प्रक्रियेस पुरातत्त्वीय उत्खनन म्हणतात. अशा अवशेषांचे वय ठरविण्याच्या पद्धतींना पुरातत्त्वीय कालमापन असे म्हणतात. या दोन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. प्रयोगशाळा कोळशाच्या एका तुकड्याचे वय सांगते. ते वय घराचे, गावाचे किंवा संस्कृतीचे मानावयाचे, तर तो तुकडा नेमका कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंबरोबर सापडला, याची विश्वसनीय नोंद असावी लागते.

उत्खनन ही एकाच वेळी शोधाची आणि विनाशाची क्रिया आहे. एकदा खणून काढलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील प्रयोगाप्रमाणे उत्खनन पुन्हा करून पाहता येत नाही. पुढील अभ्यासकांसाठी उरतात त्या नोंदी, आराखडे, छायाचित्रे, नमुने आणि न खणता राखून ठेवलेला भाग.

संदर्भाचे महत्त्व

एखादी वस्तू ज्या थरात, ज्या जागी आणि ज्या इतर वस्तूंच्या सान्निध्यात सापडते, त्या सर्वांना मिळून त्या वस्तूचा संदर्भ म्हणतात. संदर्भ हरवल्यास अत्यंत मौल्यवान वस्तूचाही काळ निश्चित करणे कठीण होते. महाराष्ट्रातील दायमाबाद येथील धातुशिल्पे हे याचे ठळक उदाहरण होय. प्रवरा नदीच्या काठी, आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील या स्थळी १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. ही शिल्पे शास्त्रीय उत्खननात सापडली नव्हती. ती वर काढली गेली तेव्हा मातीच्या थरांची नोंद झाली नाही.

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने एस. ए. साळी यांनी तेथे विस्तृत उत्खनन केले. त्यात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असा संस्कृतींचा क्रम उजेडात आला. अनेक अभ्यासक ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातील मानतात. धातूतील आर्सेनिकचे प्रमाण त्या काळातील इतर वस्तूंशी जुळत नाही, असा आक्षेप काहींनी घेतला असून ती पुष्कळ नंतरची असावीत, असेही मत मांडले गेले आहे. धातूमध्ये कालमापनास उपयुक्त असे सेंद्रिय द्रव्य नसते. त्यामुळे हा वाद मिटविण्यासाठी थराचा पुरावाच निर्णायक ठरला असता.

स्थळाचा शोध व सर्वेक्षण

क्षेत्रकार्याचा आरंभ खणण्याने होत नाही. जुने नकाशे, प्रवासवर्णने, गॅझेटिअर, स्थानिक दंतकथा व गावांची नावे यांचा प्रथम अभ्यास केला जातो. नंतर प्रदेश पायी पिंजून काढून जमिनीवर विखुरलेली खापरे, दगडी हत्यारे, मणी, विटा यांची नोंद करतात. महाराष्ट्रात जुन्या वसाहतींच्या टेकाडांना ‘पांढरी’ किंवा ‘पांढरीचे टेकाड’ असे म्हणतात. राख, शेण आणि पडलेल्या भिंतींची माती मिसळून या टेकाडांची माती राखाडी-पांढुरकी झालेली असते आणि ती भोवतालच्या काळ्या जमिनीतून सहज ओळखू येते. हीच माती खत म्हणून शेतात नेण्याच्या प्रथेमुळे अनेक टेकाडे नष्ट झाली आहेत.

हवाई छायाचित्रे व उपग्रहचित्रे यांतून गाडलेल्या भिंती आणि खंदक यांच्या खुणा दिसू शकतात. भिंतीवर उगवलेले पीक खुरटे राहते, तर बुजलेल्या खंदकावरील पीक जोमदार वाढते. विद्युत्‌रोध मापन, चुंबकीय मापन आणि भूवेधी रडार या पद्धतींनी जमीन न खणताही आतील रचनेचा अंदाज घेता येतो.

थरांचा अभ्यास

उत्खननाचे मूलतत्त्व भूविज्ञानातून आले आहे. निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, अबाधित अवस्थेत खालचा थर आधी व वरचा थर नंतर साचलेला असतो. वसाहतीच्या ठिकाणी घरे बांधली जातात, पडतात, जळतात आणि त्यांच्यावर नवी घरे उभी राहतात. यातून जमिनी, राख, केरकचरा व पुराचा गाळ यांचे थर एकावर एक साचत जातात. थर मातीचा रंग, पोत, घट्टपणा आणि तीत मिसळलेले पदार्थ यांवरून ओळखतात.

मात्र खोली म्हणजे वय नव्हे. माणसे खड्डे खणतात, उंदीर-घुशी बिळे करतात आणि झाडांची मुळे थर भेदून जातात. उदाहरणार्थ, घराच्या जमिनीत खड्डा खणून त्यात दफन केले असेल, तर ते कुंभ जमिनीच्या खाली सापडतात. पण त्यांचा काळ जमिनीनंतरचा असतो. खड्ड्याची कड वेळीच ओळखली नाही, तर नंतरची वस्तू आधीच्या थराच्या खात्यात जमा होते. त्यामुळे प्रत्येक खड्डा कोणत्या थरापासून खणला गेला, हे शोधणे उत्खनकाचे महत्त्वाचे काम असते. थर, खड्डे व भिंती यांचे परस्परसंबंध एका आकृतीत मांडण्याची पद्धत एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये विकसित केली. ती ‘हॅरिस मॅट्रिक्स’ या नावाने ओळखली जाते.

उत्खननाच्या पद्धती

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील मोठ्या उत्खननांत वस्तूंची नोंद बहुधा ठरावीक पातळीपासूनच्या खोलीनुसार होत असे. मोहेंजोदडो येथेही हीच रीत होती. जमिनीचे थर उतरते किंवा वाकडेतिकडे असल्यास अशा नोंदीत वेगवेगळ्या काळातील वस्तू एकाच गटात येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक (१९४४–४८) मॉर्टिमर व्हीलर यांनी या रीतीवर कठोर टीका केली. त्यांनी १९४४ मध्ये तक्षशिला येथे प्रशिक्षण शिबिर भरवून थरांनुसार उत्खनन करण्याची पद्धत रूढ केली.

व्हीलर पद्धतीत स्थळाची चौरसांमध्ये आखणी करतात आणि दोन चौरसांमध्ये न खणलेला मातीचा बांध राखतात. बांधाच्या उभ्या छेदात थरांचा क्रम काम संपेपर्यंत डोळ्यांसमोर राहतो. प्रत्येक थराला क्रमांक देऊन त्याची चिठ्ठी छेदावर लावली जाते.

उद्देशानुसार उत्खननाचे दोन मुख्य प्रकार पडतात. उभ्या उत्खननात लहान क्षेत्र नैसर्गिक भूमीपर्यंत खोल खणून वसाहतींचा क्रम निश्चित केला जातो. आडव्या उत्खननात एकाच काळातील मोठे क्षेत्र उघडे केले जाते. त्यातून घरांची मांडणी, चुली, धान्याच्या कणग्या, रस्ते व दफने यांचे एकत्रित चित्र मिळते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने ह. धी. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन हे भारतातील आडव्या उत्खननाचे महत्त्वाचे उदाहरण आहे. तेथे माळवा (सुमारे इ.स.पू. १६००–१४००), पूर्व जोर्वे (इ.स.पू. १४००–१०००) आणि उत्तर जोर्वे (इ.स.पू. १०००–७००) असे तीन कालखंड निश्चित करण्यात आले. आधीच्या काळातील मोठ्या आयताकार घरांची जागा उत्तर जोर्वे काळात प्रामुख्याने लहान गोल झोपड्यांनी घेतल्याचे दिसते. एखाद्या अरुंद खड्ड्यातून हा बदल कळला नसता.

नोंदी व नमुने

सापडलेल्या वस्तूची स्थळ, चौरस, थर, खोली आणि दिनांक यांसह नोंद केली जाते. खापरे धुऊन, क्रमांक घालून थरानुसार वेगळी ठेवतात. प्रत्येक पातळीचा आराखडा आणि प्रत्येक छेदाचे रेखाचित्र प्रमाणात काढले जाते. छायाचित्रात मापनपट्टी ठेवतात.

नमुने गोळा करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. जळलेले धान्य मिळविण्यासाठी माती पाण्यात कालवतात. हलके दाणे वर तरंगतात आणि ते बारीक चाळणीत गोळा होतात. कार्बन कालमापनासाठीचा कोळसा हाताने न हाताळता स्वच्छ हत्याराने उचलून बंद वेष्टनात ठेवतात.

सापेक्ष कालमापन

कोणती वस्तू आधीची व कोणती नंतरची एवढेच सांगणाऱ्या पद्धतींना सापेक्ष कालमापन म्हणतात. थरांचा क्रम हा तिचा मुख्य आधार होय. भांड्यांचे आकार व नक्षी काळानुसार बदलतात, या निरीक्षणावरही काही पद्धती उभ्या आहेत. फ्लिंडर्स पेट्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईजिप्तमधील राजवंशपूर्व काळातील शेकडो थडग्यांची, केवळ त्यांतील भांड्यांच्या बदलत्या आकारांवरून, क्रमवारी लावली. त्यात वर्षांचा आकडा नव्हता, पण क्रम होता.

ज्ञात काळाच्या परकीय वस्तूवरून स्थानिक वस्तूचा काळ ठरविण्यास तुलनात्मक कालनिश्चिती म्हणतात. १९४५ मध्ये व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळील अरिकामेडू येथे उत्खनन केले. तेथे इटलीत बनलेली तांबडी झिलईदार अरेटाइन भांडी आणि अँफोरा नावाचे दोन कानांचे मद्यकुंभ मिळाले. अरेटाइन भांड्यांचा काळ युरोपातील पुराव्यावरून माहीत होता. त्यांच्याबरोबर सापडलेल्या, तळावर दातेरी चाकाने वर्तुळाकार नक्षी उमटविलेल्या ‘रुलेटेड’ भांड्यांना त्यामुळे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा काळ देता आला. हीच भांडी १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे मिळाली आणि तेथील थरांची सांगड इटलीतील ज्ञात काळाशी घातली गेली.

निरपेक्ष कालमापन

वर्षांच्या आकड्यांत काळ सांगणाऱ्या पद्धतींना निरपेक्ष कालमापन म्हणतात. नाणी व कोरीव लेख यांवरूनही असा काळ मिळतो. मात्र नाणे पाडले गेल्यानंतर ते अनेक वर्षे वापरात राहू शकते. त्यामुळे ज्या थरात नाणे सापडते तो थर नाण्याच्या काळाचा किंवा त्यानंतरचा असतो, आधीचा नव्हे.

कार्बन-१४ पद्धत : विलार्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली. तिच्यासाठी लिबी यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वैश्विक किरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी समस्थानिक तयार होतो आणि वनस्पतींच्या द्वारे सर्व सजीवांत पोहोचतो. सजीवाच्या मृत्यूनंतर त्याचा पुरवठा थांबतो व साठा घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांनी तो निम्मा आणि ११,४६० वर्षांनी पाव उरतो. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका कार्बन-१४ सहसा उरत नाही. या पद्धतीत ‘वर्तमान’ म्हणजे इ.स. १९५० असे धरतात. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नसल्याने मिळालेले वय वृक्षवलयांसारख्या पुराव्यांशी ताडून दुरुस्त करावे लागते. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात दुरुस्तीचा आलेख जवळजवळ सपाट असल्याने त्या काळातील तारखा फारशा नेमक्या मिळत नाहीत. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व नंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत या पद्धतीचे मोठे काम झाले.

वृक्षवलय पद्धत : समशीतोष्ण प्रदेशातील अनेक झाडांत दरवर्षी एक वलय तयार होते. वलयांच्या जाडीचा क्रम जुन्या लाकडांशी जुळवून नेमके वर्ष काढता येते. अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी ही पद्धत विकसित केली.

तप्तदीपन व प्रकाशदीपन : मातीतील खनिजकणांत किरणोत्सारामुळे ऊर्जा साठत जाते. भांडे भाजताना ती निघून जाते व साठवण नव्याने सुरू होते. कण पुन्हा तापवून बाहेर पडणारा प्रकाश मोजला असता भांडे शेवटचे केव्हा भाजले, हे कळते. प्रकाशदीपन पद्धतीने वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला, हे सांगता येते.

पोटॅशियम-अरगॉन पद्धत : ज्वालामुखीजन्य खडक व राख यांच्यासाठी ही पद्धत वापरतात. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असल्याने लाखो वर्षांपूर्वीचा काळ मोजता येतो.

तारखांचे अर्थनिर्णयन

तारखेसोबत येणारे ‘±’ हे चिन्ह संभाव्यतेची मर्यादा दर्शविते. एका नमुन्यावर विसंबून न राहता एकाच थरातील अनेक नमुने व निरनिराळ्या पद्धती यांचा मेळ घालणे आवश्यक असते. जुन्या झाडाच्या गाभ्यातील लाकूड जाळले असल्यास कोळशाचे वय चुलीच्या वयापेक्षा अधिक येते. म्हणून धान्याच्या दाण्यासारखे अल्पायुषी नमुने अधिक विश्वसनीय मानतात.

ब्रह्मगिरीचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील नवाश्मयुगीन वसाहतीचा आरंभ व्हीलर यांनी इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या सुरुवातीचा मानला होता. पुढे दक्षिण भारतातील इतर स्थळांच्या कार्बन तारखांनी नवाश्मयुगाचा आरंभ इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात नेला. वर्षे बदलली, परंतु नवाश्मयुगीन, महापाषाणयुगीन आणि प्रारंभिक ऐतिहासिक हा थरांचा क्रम टिकून राहिला.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांच्या संदर्भात सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेबाबत उलट परिस्थिती आहे. निरनिराळ्या अभ्यासांत तिचे वय सुमारे १४ लाख व सुमारे साडेसहा लाख वर्षे असे सांगितले गेले. राखेच्या रासायनिक घटनेवरून काहींनी ती सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या, सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाची मानली. राखेचे वय निश्चित झाले, तरी ती मूळ जागी साचली की पाण्याने वाहून आली आणि हत्यारांशी तिचा नेमका संबंध काय, हे प्रश्न स्थळावरील थरांच्या निरीक्षणातूनच सोडवावे लागतात.

कायदा व संरक्षण

भारतात उत्खननासाठी शासनाचा परवाना लागतो. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांना संरक्षण दिले आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाने पुरावशेषांच्या खाजगी निर्यातीस बंदी घातली आहे. शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुनी वस्तू दिसल्यास ती न उचलता, आहे तशी जागेवर ठेवून कळविणे अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त असते. कारण अशा वेळी वस्तूबरोबर तिचा थरही वाचतो.