यकृताची साक्ष आणि हृदयाचा धोका

इ. स. १९६१ च्या जानेवारींत टोकियो येथील रेडक्रॉस इस्पितळांत सव्वाचार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ताप हटत नव्हता. डोळे लाल, ओठ फुटलेले, मानेंत गांठ, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले. पुढें बोटांच्या टोकांची कातडी सोलली. डॉ. तोमिसाकु कावासाकी यांना हीं लक्षणें कोणत्याही ज्ञात रोगांत बसवितां येईनात. मुलगा बरा होऊन घरीं गेला; वैद्याच्या मनांतील प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढील वर्षीं तसाच दुसरा रोगी आला. अखेर १९६७ मध्यें कावासाकी यांनीं पन्नास मुलांची हकीकत जपानी भाषेंत प्रसिद्ध केली.

हा रोग आपोआप बरा होतो व मागें कांहीं ठेवीत नाहीं, असाच तेव्हां त्यांचा समज होता. परंतु विकृतिशास्त्रज्ञ डॉ. नोबोरु तानाका यांना १९६५ मध्येंच अशा एका मुलाच्या शवविच्छेदनांत हृदयाच्या रोहिणींत रक्ताची गुठळी आढळली होती. १९६८ मध्यें डॉ. ताकाजिरो यामामोतो यांनीं २३ पैकीं ११ मुलांच्या हृदयाच्या आलेखांत दोष दाखविले. १९७० च्या देशव्यापी पाहणींत अकस्मात्‌ मृत्यु पावलेल्या दहा मुलांची माहिती पुढें आली, आणि वाद मिटला. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या सुजतात, त्यांची भिंत दुबळी होऊन फुगते व त्या फुगवट्यांत रक्त गोठतें. उपचार न झाल्यास सुमारें चौथ्या हिश्श्याच्या मुलांस ही इजा होते.

या रोगांत यकृतासही झळ लागते. शेंकडा चाळीसपर्यंत मुलांच्या रक्तांत यकृतांतून पाझरणारीं द्रव्यें वाढलेलीं आढळतात. यकृत बहुधा पूर्ववत्‌ होतें; म्हणून पुष्कळ काळ ही वाढ किरकोळ वाटे. तिचें मोल पुढें कळलें.

१९८४ मध्यें डॉ. केन्शी फुरुशो यांनीं शिरेंतून गॅमा ग्लोब्युलिन देण्याचा उपचार पुढें आणला. १९८६ च्या अमेरिकेंतील प्रयोगांत दोन आठवड्यांनंतर रोहिणींचा दोष नुसत्या ॲस्पिरिननें २३ टक्के, तर या औषधाच्या जोडीनें ८ टक्के मुलांत दिसला. तरीही कांहीं मुलांचा ताप हटेना, आणि हृदयास सर्वांत मोठा धोका त्यांनाच. तीं आधीं ओळखावीं कशीं? २००६ मध्यें जपानांत डॉ. कोबायाशी प्रभृतींनीं गुणांची मोजपट्टी केली. तींत वय, आजाराचे दिवस, सोडियम इत्यादींबरोबर एएसटी हें द्रव्य १०० युनिटांवर असल्यास दोन गुण धरले. अशा मुलांस आरंभींच प्रेड्निसोलोनची जोड दिल्यानें रोहिणींचा दोष २३ वरून ३ टक्क्यांवर आला, असें २०१२ च्या जपानी प्रयोगांत दिसलें. ही मोजपट्टी इतर देशांच्या मुलांस तितकीशी लागू पडत नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

कावासाकी २०२० मध्यें, पंचाण्णव्या वर्षीं निवर्तले. रोगाचें मूळ कारण त्यांच्या हयातींत सांपडलें नाहीं. परंतु पांच दिवस न उतरणारा ताप व लाल डोळे पाहून जो वैद्य वेळींच रक्त व हृदय दोन्हीं तपासतो, त्याच्या हातून दहा दिवसांच्या आंत उपचार होतो. आणि बोलतांही न येणाऱ्या बालकाच्या हृदयावरील संकट बहुधा टळतें.