हॉप्सचा वेल आणि एल करणाऱ्या बायका

आमच्या घराण्यात 'बिअर' हा शब्द मोठ्यांसमोर उच्चारायची पद्धत नव्हती. त्यामुळे शीर्षकाखालचा मजकूर वाचून काही नातेवाईक मंडळींच्या भुवया वर जातील. जाऊ देत बापड्या. मी लिहिणार आहे ते इतिहासाबद्दल, आणि तेही स्वयंपाकघराच्या.

आज बिअर म्हटली की डोळ्यापुढे कारखाना येतो. पण मध्ययुगीन इंग्लंडात ते बायकांचे घरकाम होते. त्या पेयाला 'एल' म्हणत. कृती आपल्याला अजिबात परकी वाटू नये. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. तसेच ते बार्लीचे करायचे. मग मोडाचे धान्य भरडून गरम पाण्यात मुरवायचे, गोड पाणी गाळून घ्यायचे आणि मागच्या खेपेची साय, म्हणजे यीस्ट, त्यात विरजणासारखी घालायची. झाली एल. अडचण एकच, ती चार-आठ दिवसांत आंबट व्हायची. म्हणून थोडी थोडी, पण सतत करावी लागे. घरच्यापुरती ठेवून उरलेली शेजारणीला विकायची. विकायला असली की दाराबाहेर काठी लावायची, तिला झाडपाल्याचा झुबका बांधायचा. गावाने नेमलेला चाखणारा येऊन चव बघून जाई.

तेराव्या शतकापासून पावाच्या आणि एलच्या किमतीवर सरकारी नियंत्रण होते. नियम मोडला की दंड. त्या दंडांच्या नोंदी शिल्लक आहेत म्हणून तर इतिहासकारांना या बायका सापडल्या! ज्युडिथ बेनेट या बाईंनी अशा नोंदी वर्षानुवर्षे चाळून १९९६ साली या विषयावर पुस्तक लिहिले. राजेरजवाड्यांच्या सनावळ्या पाठ करून घेण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे दंडाच्या वहीतून उभा राहिलेला इतिहास मला फार भावला. अशा बाईला 'ब्रूस्टर' म्हणत. तो शब्द पुढे आडनाव होऊन राहिला.

मग आला हॉप्सचा वेल.

हा भांगेच्या कुळातला (पुन्हा भुवया!). नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. मादी वेलाला बोटाच्या पेराएवढी, कागदी पाकळ्यांची हिरवी बोंडे येतात आणि त्यांच्या आत पिवळी धमक चिकट पूड असते. सगळा कडूपणा आणि वास त्या पुडीत. उकळल्यावर त्यातली द्रव्ये पेयात उतरतात आणि दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचे जे भाऊबंद एल आंबट करतात, त्यांना वाढू देत नाहीत. यीस्टला मात्र त्रास नाही. जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठवासिनीने बाराव्या शतकातच लिहून ठेवले होते की हॉप्समुळे पेय टिकते, पण मन उदास होते.

हॉप्स घातलेली ती 'बिअर'. इंग्लंडात ती नेदरलँड्सच्या बाजूने १४०० च्या आसपास आली. लोकांनी सुरुवातीला तिला विष ठरवले. १४३६ साली राजाला हुकूम काढून परदेशी बिअरवाल्यांना संरक्षण द्यावे लागले. पण १५७४ साली केंटच्या रेजिनाल्ड स्कॉटने हॉप्सच्या लागवडीवर पुस्तक लिहिले आणि त्यात सरळ हिशेब मांडला. एका मापाच्या माल्टमध्ये एल होते आठ-नऊ गॅलन आणि बिअर होते अठरा ते वीस गॅलन. एल पंधरा दिवस टिकली तर बिअर महिनाभर टिकणार. (याच स्कॉटने दहा वर्षांनी चेटकिणींच्या नावाखाली बायकांना छळणाऱ्यांविरुद्ध पुस्तक लिहिले. माणूस मोठा!)

या हिशेबात बायका बसत नव्हत्या. टिकणारी वस्तू लांब पाठवता येते, जहाजांना आणि फौजांना पुरवता येते. त्यासाठी मोठे तांब्याचे हंडे हवेत, भरपूर सरपण, पिंपे, नोकर आणि मुख्य म्हणजे भांडवल. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता, तिला कर्ज कोण देणार? १६०० पर्यंत शहरांतला हा धंदा बहुतेक पुरुषांच्या हाती गेला. सगळा दोष त्या वेलाला देणे बरोबर नाही. १३४८ च्या प्लेगनंतर धंद्याचे रूप आधीच बदलू लागले होते. पण वेलाने तो बदल पक्का केला असे मला वाटते. बायका उरल्या त्या हॉप्स तोडायला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बायका दर सप्टेंबरला पोरेबाळे घेऊन केंटच्या मळ्यांत मजुरीला जात. पुढे यंत्रे आली आणि तेही संपले.

त्याच केंटमध्ये माझा भाचा राहतो. परसात दोऱ्यावर चढवलेला हॉप्सचा वेल आहे. थंडीत पार मरतो, वसंतात मुळातून पुन्हा येतो, आणि नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच वळतो. मी तिथे असताना, सप्टेंबरात, आम्ही बोंडे तोडली. बोटे पिवळी आणि चिकट. अर्धी त्याने वाळवली, अर्धी त्याच दिवशी उकळत्या पाण्यात घातली. ओली बोंडे घालायची तर वजनाने चार-पाच पट लागतात. काही सुरुवातीला, कडूपणासाठी. काही अगदी शेवटी, वासासाठी, म्हणजे आपण कोथिंबीर घालतो तशी. घरच्या वेलाचा कडूपणा किती ते आधी कळत नाही, ते दर वर्षी चाखूनच ठरवायचे.

महिन्याभराने बाटल्या उघडल्या. "मावशी, एक घोट," म्हणाला. घेतला. बाजारच्या हॉप्सची बिअर नुसती कडू, किराईताच्या काढ्याची आठवण देणारी. वाळवलेल्या घरच्या बोंडांची सौम्य. ओल्या बोंडांची मात्र वेगळीच... आधी पावसानंतरच्या गवताचा वास आणि कडूपणा मागाहून, हळूच. मला तीच आवडली. आपापल्या बाटल्या घेऊन त्याचे मित्र आले होते. नऊ पुरुष आणि एक बाई. मी त्या बाईंना ब्रूस्टरांची गोष्ट सांगितली. त्यांचे माहेरचे आडनावच ब्रूस्टर निघाले! :)

हा छंद वाटतो तितका जुना नाही. घरगुती बिअर तिथे जवळजवळ मोडलीच होती. १८२० च्या सुमारास विल्यम कॉबेट चिडून लिहीत होता की खेड्यातली माणसे घरी बिअर करायची सोडून चहा पिऊ लागली. माल्टवर जबर कर होता. १८८० मध्ये तो गेला, पण घरी करायला परवाना लागू लागला. ती अट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ ला उठली तरी घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये, कार्टर यांच्या सहीने.

आपल्याकडे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात कुटुंबांना सणासमारंभासाठी घरी श्वेतसुरा करायची मुभा आहे, आणि सुरेची सामग्री व किण्व गोळा करायचे काम बायकामुलांकडे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय असे काही करणे गुन्हा आहे. त्यामुळे भाच्याने वेलाची मुळी देऊ केली तेव्हा मी हसून नको म्हटले. तशीही ती पुण्यात धड फुलली नसती. हॉप्सला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा दिवस मानवतो आणि हिवाळ्यात कडक थंडी. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात त्याची शेती झाली आहे. पुण्यातल्या माझ्या गॅलरीत गुळवेल आहे, तोही कडूच.