धाकटी आगगाडी

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास भवानीपुरातील एका जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण जमतो. घराचे यजमान निवृत्त प्राध्यापक आहेत. उरलेल्यांत एक बँकेतले, एक औषधविक्रेते, एक निवृत्त गार्ड आणि प्रस्तुत लेखक, म्हणजे केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून. आम्ही तेथे काय करतो हे परक्या माणसाला सांगताना थोडा संकोच होतो, कारण आम्ही आगगाड्यांशी खेळतो. दोन मोठी टेबले जोडून त्यांवर रूळ मांडलेले आहेत. प्रत्येकाने महिनाभरात जे केले असेल ते घरून कागदात गुंडाळून आणायचे, टेबलावर ठेवायचे, आणि इतरांनी त्यातील चुका काढायच्या, असा आमचा परिपाठ आहे.

गेल्या खेपेस औषधविक्रेत्यांनी ट्रामचा एक डबा आणला होता. त्याच्या लाकडी झडपा काड्यापेटीतील काड्यांच्या होत्या. बँकेतल्या दादांनी घाटातील कडा आणला होता, तो शोल्याचा. शोला म्हणजे बंगालच्या पाणथळीत उगवणाऱ्या वनस्पतीचा पांढरा, भुसभुशीत गाभा. नवरदेवाचा टोपोर आणि दुर्गेचा साज त्याचाच होतो. तो ब्लेडने कातरून, वर राखी रंग देऊन, फटींत चहाचा वाळवलेला चोथा भरला की हुबेहूब दगड दिसतो. निवृत्त गार्डसाहेबांनी सगळे निरखून पाहिले आणि एवढेच म्हटले, "सिग्नल चुकीच्या बाजूला आहे." ते बरोबर होते.

त्या दिवशी मी माझी गाडी प्रथमच टेबलावर ठेवली. ती बार्शी लाइट. यजमानांनी चष्मा सरसावून विचारले, "ही कुठली? आमच्या ऐकण्यात नाही." त्यांना उत्तर देताना मला जे बोलावे लागले, आणि त्यानंतर घरी येऊन जे वाचावे लागले, त्यातून हा लेख झाला आहे. त्यातील विचार साधा आहे. आगगाडीची प्रतिकृती हा केवळ श्रीमंतांचा षोक किंवा पोरखेळ नाही. हाताने बनवून एखादी वस्तू समजून घेण्याचा तो एक जुना मार्ग आहे, आणि आपल्या देशात तो रेल्वेच्याही आधी सुरू झाला आहे.

त्याचा आरंभ पाहायला कलकत्त्याहून फार दूर जावे लागत नाही. हुगळीच्या पश्चिम तीरावर श्रीरामपूर आहे. तेथील विल्यम केरी यांचे नाव मराठी वाचकास परके नसावे. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण त्यांनी तेथूनच छापून काढले, आणि फोर्ट विल्यम कॉलेजात ते आपली भाषा शिकवीत. त्याच श्रीरामपूरच्या मिशनने कागदाचा कारखाना काढला आणि त्यासाठी १८२० साली विलायतेहून वाफेचे यंत्र आणविले. नदीपलीकडे टिटागड येथे गोलकचंद्र नावाचा एक लोहार राहत असे. त्याने ते यंत्र पाहिले, आणि कोणाही युरोपीय कारागिराची मदत न घेता तसलेच एक लहान यंत्र घडविले. १८२८ च्या जानेवारीत ॲग्रिकल्चरल अँड हॉर्टिकल्चरल सोसायटीचे प्रदर्शन कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भरले, तेव्हा गोलकचंद्राने ते तेथे मांडले आणि त्यास पन्नास रुपयांचे बक्षीस मिळाले. ही सोसायटीही केरी यांनीच स्थापिलेली.

या तारखेकडे थोडे लक्ष द्यावे. स्टीफन्सनचे 'रॉकेट' इंजिन धावले ते १८२९ साली. लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग सुरू झाला १८३० साली. हिंदुस्थानात पहिली प्रवासी गाडी मुंबईहून ठाण्याला गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, म्हणजे गोलकचंद्राच्या यंत्रानंतर पंचवीस वर्षांनी. त्याचे यंत्र रुळांवर चालणारे नव्हते हे खरे. परंतु वाफ म्हणजे काय, ती दट्ट्याला कशी ढकलते, हे या देशात ज्यांनी प्रथम हाताने समजून घेतले त्यांत एक टिटागडचा लोहार होता, आणि त्याने ते पुस्तकातून न शिकता प्रतिकृती करून समजून घेतले.

हाच प्रकार पुढे प्रत्यक्ष रेल्वेच्या बाबतीत घडला. हावडा ते हुगळी हा चोवीस मैलांचा मार्ग तयार होता, पण गाडी नव्हती. नमुन्याचे डबे घेऊन येणारे 'गुडविन' हे जहाज हुगळीच्या मुखाशी बुडाले. इंजिन घेऊन निघालेले दुसरे जहाज चुकून ऑस्ट्रेलियास गेले. सरकारी नोकरीत ज्यांचे सामान कधी चुकीच्या स्टेशनास गेले असेल त्यांना या घटनेचे विशेष नवल वाटू नये! अखेर ईस्ट इंडियन रेल्वेचे लोकोमोटिव्ह इंजिनियर जॉन हॉजसन यांनी डब्यांचे आराखडे येथेच काढले, आणि घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कलकत्त्यातील कारखान्यांकडून ते बांधवून घेतले. १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावड्याहून पहिली गाडी सुटली ती हे डबे घेऊन. म्हणजे बंगालच्या पहिल्या गाडीचे डबे बग्गीवाल्या सुतारांच्या हातचे होते. गाडी त्यांनी पूर्वी बांधली नव्हती. चाके, आरे आणि आसने मात्र त्यांना ठाऊक होती.

यानंतरचा काळ आगगाडीच्या वैभवाचा. या काळात प्रतिकृतीचे कामही बदलले, आणि त्याचे सर्वांत नामांकित उदाहरण एका मराठी राजवाड्यात आहे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांना आगगाडीचे विलक्षण वेड. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात लांबलचक मेजावर रुळांची वर्तुळाकार मांडणी असून तीवरून चांदीची गाडी फिरे. इंग्लंडातील बॅसेट-लोक या प्रसिद्ध कारखान्याने ती बनविली होती. डब्यांवर शिंदे या नावाची एकेक इंग्रजी अक्षरे, डब्यांत मद्याच्या सुरया आणि सिगार. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, ठेवली की पुढे चाले. ती आजही तेथील संग्रहालयात लोक कौतुकाने पाहतात. पण ती गाडी पाहून आगगाडीविषयी नवे काही कळत नाही. यजमान किती श्रीमंत होते एवढे मात्र कळते. माधवरावांना न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की, त्यांचा नाद मेजापुरता राहिला नाही. त्यांच्या संस्थानात दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे होती, आणि तिची श्योपूरकडे जाणारी सुमारे दोनशे किलोमीटरची वाट २०२० सालापर्यंत गोरगरिबांची ने-आण करीत होती. आता तेथे मोठे रूळ टाकण्याचे काम निघाले आणि ती लहान गाडी गेली. चांदीची गाडी मागे राहिली, लोखंडाची राहिली नाही.

येथे मी माझ्या बार्शी लाइटकडे येतो. सोलापूर जिल्ह्यात, ज्या मुलखात माझे बालपण गेले, तेथे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली अडीच फूट रुंदीच्या रुळांचा मार्ग सुरू केला. बार्शी गाव मुख्य मार्गापासून वीसबावीस मैल दूर पडले होते, ते त्याने बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, जोडले. रूळ अरुंद असले तरी गाडी दुबळी असली पाहिजे असे नाही, हे त्याला सिद्ध करायचे होते. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि सगळे डबे एकाच मापाच्या, पंचवीस फुटी सांगाड्यावर बांधायचे, अशी त्याची युक्ती. गाड्या हिंदुस्थानात येण्यापूर्वी त्याने त्या लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून चालवून दाखविल्या आणि रेल्वेच्या जाणकारांना बोलावून आणले. पुढे १९०४ साली इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग त्याच पद्धतीवर झाला. म्हणजे बार्शीची गाडी इंग्लंडची नक्कल नव्हती. इंग्लंडातील एक गाडी बार्शीच्या वळणावर गेली होती. १९०६ साली मार्ग पंढरपुरास पोचला, नंतर लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. १९५४ मध्ये तो सरकारने घेतला, आणि या शतकाच्या पहिल्या दहाबारा वर्षांत सारे रूळ उखडून तेथे मोठे रूळ आले.

यजमानांना मी हेही सांगितले की, बार्शीची पहिली इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची. ते एकदम उठून उभे राहिले. ज्या 'फेअरी क्वीन' इंजिनाचा बंगाल्यांना अभिमान आहे, जे १८५५ साली कलकत्त्यास आले, तेही याच कारखान्याच्या पूर्वजांचे! "मग ही आमची आतेबहीणच की," असे म्हणून त्यांनी माझ्या गाडीला टेबलावर जागा करून दिली.

जागा करणे सोपे नव्हते, कारण येथे मापाचा प्रश्न येतो. जगातील बहुतेक हौशी लोक खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाने प्रतिकृती करतात. त्या मापाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे मिळतात. ते युरोपातील रुंदीला बरोबर बसतात. आपल्या देशातील मोठे रूळ १६७६ मिलिमीटरचे, म्हणजे त्या हिशेबाने ते एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक असायला हवेत. म्हणून हावड्याची मेल गाडी टेबलावर उभी केली की तिची चाके किंचित आत ओढल्यासारखी दिसतात, आणि गार्डसाहेब दर रविवारी त्याविषयी हळहळ व्यक्त करतात. बार्शीचे रूळ ७६२ मिलिमीटरचे. सत्त्याऐंशीने भागले तर पावणेनऊच्या जवळपास. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात! मोठी गाडी बसत नाही तेथे ही लहान गाडी जवळजवळ बिनचूक बसते. डबा भरतो नऊ सेंटिमीटरांहून थोडा कमी, माझ्या करंगळीहून थोडा लांब.

माप मिळाले, पण देखावा मिळेना. डब्यांचे वजन, आसांची संख्या, मार्ग केव्हा उघडला, हे सारे कागदोपत्री सापडते. आमच्या गावाजवळच्या छोट्या स्थानकावर दुपारी चार वाजता सावली कोठे पडे, हे कोणत्याच कागदात नाही. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, दूरध्वनी करू लागलो. एरवी आमचे बोलणे प्रकृती आणि पाऊस यांपलीकडे जात नसे. आता ते तासन्‌तास बोलू लागले. फलाटालगत मी बाभळी लावल्या होत्या. छायाचित्र पाहून ते म्हणाले, "अरे, बाभूळ नव्हती तिथं. लिंब होता. आषाढीला त्याच्याखाली वारकरी उतरायचे, टपावर बसून आलेले. माझी आई त्यांना पाणी द्यायची." माझ्या आजीविषयी ही गोष्ट मी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, दीड हजार किलोमीटरांवरून, एका चुकीच्या झाडामुळे ऐकली.

प्रतिकृतीचे तिसरे काम मला त्या दिवशी उमगले. गोलकचंद्राने जे यंत्र येणार होते ते समजून घेण्यासाठी प्रतिकृती केली. आम्ही जे गेले ते समजून घेण्यासाठी करतो. दोहोंत वस्तू नजरेसमोर ठेवून हाताला प्रश्न विचारावे लागतात, आणि हाताला खोटे उत्तर फार वेळ चालत नाही. याच शहरात ट्रामचे पाहा. १८७३ च्या फेब्रुवारीत सियालदह ते आर्मेनियन घाट घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०२ साली ती विजेवर चालू लागली, आणि २०२४ साली राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढा मार्ग ठेवून बाकीचे बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हापासून औषधविक्रेत्यांच्या हाताची घाई वाढली आहे. ते दुकान बंद करून जुन्या डेपोंबाहेर उभे राहतात आणि झडपा मोजतात.

पुण्यात भाऊ जोशी यांनी हाच छंद लोकांसाठी खुला केला. कोथरूडला १९९८ पासून त्यांचे लघु रेल्वे संग्रहालय आहे. एकाच दालनात डोंगर, फलाट, सर्कस, पोहण्याचा तलाव आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या. रजेवर पुण्यास जाल तेव्हा मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि मुलांनी कंटाळा केला तरी आपण थोडे अधिक थांबावे.

आपण बदलीचे लोक. आपले घर खोक्यांत मावावे लागते. म्हणून मी माझा देखावा दोन फुटी फळ्यांवर तुकड्यातुकड्यांनी बांधला आहे. बदलीचा हुकूम आला की स्थानक एका पेटीत आणि लिंब दुसरीत. यजमानांनी मात्र अट घातली आहे की, त्यांच्या टेबलावर कुर्डुवाडीचा एक तुकडा कायमचा राहावा आणि त्या बदल्यात मी भवानीपूरचा एक तुकडा घेऊन जावा. मी होकार दिला आहे. सध्या लिंबाला पाने लावण्याचे काम चालू आहे, आणि अण्णांनी परवा नवीनच सांगितले आहे की, त्याखाली एक रांजणही होता.