दिनविशेष, १७ सप्टेंबर : युद्धाने उखडलेल्यांना वळिवड्याचा आसरा

१९३९ : सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये घुसल्या. पुढे तिथल्या लाखो नागरिकांना सैबेरिया, कझाकस्तानात हद्दपार केले गेले; त्यांत बहुसंख्य कॅथलिक ख्रिस्ती होते. सुटका झाल्यावर काही जण भारतात आले. जामनगरच्या दिग्विजयसिंहजींनी बालाचडीत मुलांना आसरा दिला. संस्थानिक, उद्योगपतींनी देणग्या दिल्या. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश, मुख्यतः बायका-मुले, राहिले. बराकींच्या वस्तीत चर्च आणि शाळाही होती. १९४८ मध्ये छावणी बंद झाली. त्याच वर्षी, याच तारखेला परभणीसह मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. ध्वजवंदन करताना ही माणुसकीही आठवावी : पारतंत्र्यातल्या देशानेही परधर्मीय पोरक्यांना आपले मानले.