बिनतारीची तार

थोर हेयरडाल याने 1947 साली पेरूच्या किनाऱ्यावर बांधून घेतलेल्या ‘कॉन-टिकी’ तराफ्याची हकीकत बहुतेक वाचकांच्या कानांवर आलेली असते. बाल्सा लाकडाचे नऊ ओंडके, त्यांवर बांबूची झोपडी, एक चौकोनी शीड आणि सहा माणसे, एवढ्या सामग्रीवर कायावहून 28 एप्रिल रोजी निघालेला हा तराफा 101 दिवसांनी, 7 ऑगस्टला, पॉलिनेशियातील रारोइया कंकणद्वीपाच्या प्रवाळभिंतीवर आदळला. प्राचीन पेरूवासी पॅसिफिक ओलांडू शकले असते, हे हेयरडालला सिद्ध करावयाचे होते. पॉलिनेशियाची वस्ती मुळात पश्चिमेकडूनच झाली, हे विद्वानांचे मत त्याने बदलले नाही. पण तो निराळा वाद आहे. या सफरीतील ज्या एका गोष्टीकडे फारसे लक्ष जात नाही ती म्हणजे तराफ्यावरील हौशी रेडिओकेंद्र, आणि त्यातही त्याचे एरिअल.

तराफ्याच्या बांधणीत एकही खिळा किंवा तारेचा दोर वापरावयाचा नाही, असा हेयरडालचा दंडक होता. सारे काही दोरांनी आवळलेले. अशा या जलयानावर एरिअलची तार हा एक परका पाहुणाच म्हणावयाचा. अश्मयुगाचे सोंग आणि खिशात रेडिओ, अशी थट्टा करण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु ती अन्यायाची ठरेल. रेडिओने तराफा तसूभरही पुढे सरकत नव्हता. वारा व प्रवाह जिकडे नेतील तिकडेच तो जात होता. रेडिओ फक्त तो कोठे आहे हे जगाला सांगत होता.

हे काम ज्या दोघांवर सोपविले होते त्यांची निवड विचारपूर्वक झाली होती. क्नूट हाउगलँड हा युद्धकाळात विमानातून छत्रीने नॉर्वेत उतरलेल्या तुकडीचा बिनतारी संदेशक. फेब्रुवारी 1943 मध्ये वेमोर्क येथील जड पाण्याच्या कारखान्यावर जो घाला पडला, त्याच्या सिद्धतेत त्याचा वाटा होता. पुढे ऑस्लोतील एका प्रसूतिगृहात त्याने प्रक्षेपक लपविला. 1944 मध्ये गेस्टापोने तो हुडकला, तेव्हा गोळ्या झाडीत तो निसटला. दुसरा टॉर्स्टाइन रॉबी. उत्तर नॉर्वेत दडून ‘टिरपिट्झ’ या जर्मन युद्धनौकेच्या हालचाली तो लंडनला कळवीत असे. त्याची युक्ती मोठी मासलेवाईक होती. एका जर्मन अधिकाऱ्याने स्वतःच्या रेडिओसाठी उभारलेल्या एरिअललाच तो आपले चोरटे यंत्र जोडी! शत्रूच्या छपरावरून शत्रूच्याच चहाड्या. एरिअल कोठून मिळवावे, हा प्रश्न या दोघांना नवा नव्हता.

तरीही पॅसिफिकने त्यांना नमविले. कारण उघड आहे. प्रक्षेपणाच्या लहरीला आपल्या लांबीच्या प्रमाणात तार लागते. 40 मीटरच्या लहरीसाठी तिच्या निम्मी, म्हणजे 20 मीटर तार आडवी ताणावी, किंवा चतुर्थांश, म्हणजे 10 मीटर उभी चढवावी, हा साधा हिशेब. तराफ्याची लांबी सुमारे 14 मीटर आणि डोलकाठीची उंची जेमतेम 9. जमिनीवर हा हिशेब झाडाला तार बांधून सुटतो. समुद्रात झाड कोठून आणावे? शिवाय प्रक्षेपकाची शक्ती अवघी सहा वॉट, म्हणजे एखाद्या विजेरीएवढी. वीज कोरड्या घटमालांतून आणि हाताने फिरवावयाच्या जनित्रातून मिळे. एक गोष्ट मात्र अनुकूल होती: खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने समुद्रासारखी उत्तम ‘जमीन’ उभ्या एरिअलला दुसरी नाही. आजच्या शिडाच्या होड्यांवर डोलकाठीला मागून ताणून धरणारा पोलादी दोरच दोन्ही टोकांना विद्युत्‌रोधक बसवून एरिअल म्हणून वापरतात. कॉन-टिकीवर ती सोय दंडकानेच बंद केली होती.

मग तार आकाशात चढवावी असे ठरले. पतंगाला बांधून सोडली, तर वाऱ्याच्या झोताने पतंगाने समुद्रात सूर मारला. फुगा लावला, तर उष्ण कटिबंधाच्या उन्हाने त्याला भोके पडली आणि तोही पाण्यात गेला. आणखी एक अनपेक्षित शत्रू तराफ्यावरच होता. सोबतीला घेतलेल्या पोपटाला ही तार चोचीने कातरण्याचा छंद लागला. पुढे तो आजारी पडून दोन दिवस उपाशी राहिला आणि त्याच्या विष्ठेत एरिअलचे सोनेरी तुकडे चमकू लागले, तेव्हा त्याला शिव्या देणाऱ्या रेडिओवाल्यांनाच त्याची दया आली.

पहिले पंधरवडाभर अँडीज पर्वताच्या आडोशातील शांत टापूत लघुलहरी मुक्याच राहिल्या. मग एका रात्री लॉस एंजेलिसमधील एका हौशी रेडिओवाल्याने, स्वीडनमधील कोणाला तरी हाक मारीत असता, LI2B ऐवजी म्हणा ना, एल आय टू बी, हे संकेतनाम ऐकले. समोरच्या माणसाचा पत्ता पॅसिफिकमधील तराफ्यावरची बांबूची झोपडी आहे, हे पटावयास त्याला थोडा वेळ लागला असल्यास नवल नाही. परप्रांतातील मुक्कामात रात्र चढल्यावर रेडिओची खुंटी फिरवीत मुंबई केंद्राचा क्षीण स्वर ज्यांनी कधी शोधला असेल, त्यांना त्या क्षणाची कल्पना सहज येईल. त्यानंतर हवामानाच्या नोंदी वॉशिंग्टनला जाऊ लागल्या. ऑगस्टच्या आरंभी तर राजे हाकोन यांच्या पंचाहत्तरीचे अभिनंदन थेट ऑस्लोस पोहोचले आणि राजांचे उत्तरही आले. सहा वॉटांची ही मजल!

खरी कसोटी मात्र रारोइयावर लागली. आदळण्यापूर्वी रारोटोंगा बेटावरील एका हौशी रेडिओवाल्याला कळविण्यात आले होते की 36 तासांत आमचा आवाज आला नाही, तर वॉशिंग्टनमधील नॉर्वेच्या वकिलातीस कळवावे. लाटांनी यंत्रे भिजविली. निर्मनुष्य बेटावर हाउगलँड व रॉबी एकेक भाग उन्हात वाळवीत बसले, आणि मुदत संपत आली असताना सर्व कुशल असल्याचा संदेश गेला. तो न जाता, तर सहा सुखरूप माणसांच्या शोधासाठी विमाने व जहाजे निघाली असती.

काही दिवसांनी ही मंडळी बेटवासीयांच्या गावात पाहुणचार घेत असता सहा वर्षांचा एक मुलगा डोक्यावरील गळवाने व तापाने मरणाच्या दारी टेकला. पेनिसिलीन जवळ होते. लहान मुलाला किती द्यावे हे कोणास ठाऊक नव्हते. रात्री प्रक्षेपक सुरू झाला, रारोटोंगाने आणि लॉस एंजेलिसने साद दिली, तिकडे टेलिफोनवर डॉक्टरला विचारले गेले आणि मात्रा सांगण्यात आली. मुलगा बरा झाला.

रॉबी 1964 मध्ये उत्तर ध्रुवाच्या एका मोहिमेवर असताना वारला. हाउगलँड ऑस्लोतील कॉन-टिकी संग्रहालयाचा अनेक वर्षे संचालक होता. सहाही जणांत तो सर्वांत शेवटी, 2009 च्या नाताळात, निवर्तला. एल आय टू बी हे संकेतनाम मात्र त्याआधीच पुन्हा समुद्रावर गेले होते: 1969 व 1970 साली हेयरडालने पपायरसच्या होड्या मोरोक्कोहून अटलांटिकमध्ये लोटल्या, तेव्हा त्यांवरूनही तेच नाव पुकारले गेले.